हजेरी चुकलेला फोन

मित्रांनो, माझ्या पाचाच्या बटणावर आता पाच उरलेला नाही. न बघताही बोटाला कळावे म्हणून त्या बटणावर एक बारीक उंचवटा असतो, तोसुद्धा झिजून सपाट झाला आहे. पाठीचे झाकण सैल झाल्यामुळे ते रबराने बांधून ठेवलेले आहे. मी एक जुना, बटणांचा मोबाइल फोन आहे. तुमच्यापैकी कित्येकांनी माझ्यासारखा फोन हातातही धरला नसेल. माझ्यावर चित्रे सरकत नाहीत, खेळ खेळता येत नाहीत. माणसाचा आवाज लांब नेणे आणि लांबचा आवाज जवळ आणणे, एवढे एकच काम मला येत होते. त्या एका कामाचीच ही हकीकत आहे.

पांढऱ्या दिव्यांच्या एका लांबलचक कारखान्यात मी तयार झालो. आधी हिरवी पट्टी, मग तिच्यावर तांदळाएवढे भाग, मग पडदा, बटणे, कवच. सगळ्यात शेवटी प्रत्येक फोनला धातूच्या एका लहान पेटीत ठेवून वरून झाकण लावत. त्या पेटीत बाहेरची एकही लहर शिरू शकत नसे. आत टॉवरसारखे बोलणारे एक यंत्र होते. ते विचारी, कोण आहे? आम्ही आपला क्रमांक सांगायचा. मी सांगितला. यंत्राने तो ओळखला, झाकण उघडले आणि मी पास झालो. मला आयुष्यात पहिल्यांदा ओळखणारा टॉवर खरा नव्हता, हे मला पुष्कळ उशिरा कळले. ओळखले जाण्याचा आनंद मात्र खराच होता.

मग मी एका दुकानाच्या काचेमागे आलो. तिथे एक दिवस मोठ्या आवाजात बोलणारा एक तरुण आला.

"सगळ्यात खणखणीत आवाजाचा फोन दाखवा!"

"दाखवतो, पण हळू बोला, मी समोरच आहे," दुकानदार म्हणाला. "घरी कुणाला कमी ऐकू येतं का?"

"ताईला द्यायचाय. तिला चांगलं ऐकू येतं. मीच लांब जाणार आहे."

तो तरुण मालवाहू जहाजाच्या इंजिनघरात नोकरीला लागला होता. ताई त्याला भोंग्या म्हणे. तान्हा असताना तो इतका मोठ्याने रडायचा की शेजारपाजारचे लोक विचारायला येत, कारखान्याची पाळी सुटली का? आईवडील लवकर गेले. ताई तेव्हा स्वतःच शाळेत होती. तिने त्याला वाढवले, शिकवले, आणि मग एक दिवस तो समुद्रावर गेला.

जाण्याआधी त्याने तिला मला वापरायला शिकवले.

"हे हिरवं दाबलंस की मी."

"आणि लाल?"

"लाल दाबलंस की मी गेलो."

"मग ते ठेवलंय कशाला?" ताई म्हणाली.

ती पहिली वर्षे माझ्या कौतुकाची होती. जहाज किनाऱ्याजवळून जाऊ लागले की त्याच्या फोनला रेंज मिळायची आणि मग मी वाजायचो. ताई हातातले काम टाकून मला उचलायची. "जेवलास का?" हा तिचा पहिला प्रश्न असे आणि "आवाज बसलाय, घसा दुखतोय का?" हा दुसरा. तो काही मेसेज पाठवत नसे. ताईने त्याला बजावले होते, "अक्षरं सगळ्यांची सारखीच दिसतात. आवाज ऐकला की मला कळतं, तू खरं बोलतोयस की नाही." बोलणे संपल्यावर ती मला ॲप्रनच्या टोकाने पुसायची. मी मळलेला नसलो तरी पुसायची.

ताई एका शीतगृहात काम करायची. तिथे सगळे त्याला नुसते 'कोल्ड' म्हणत. तिथल्या खोल्यांत सफरचंदांची क्रेट छताला टेकेपर्यंत रचलेली असत. पिकणारे फळ एक वायू सोडते आणि त्या वायूने आजूबाजूची फळे वेळेआधी पिकू लागतात. म्हणून नासायला लागलेले फळ शोधून बाहेर काढणे फार महत्त्वाचे असते. ते ताईचे काम. जाड कोट, रबरी बूट आणि दुहेरी हातमोजे घालून ती सकाळी आत शिरायची, ती जेवणाच्या सुटीतच बाहेर यायची.

कोल्डच्या दारापाशी भिंतीवर जाड कापड टांगलेले होते. त्याला ओळीने कप्पे शिवले होते. आत जाताना ज्याने त्याने आपला फोन आपल्या कप्प्यात ठेवायचा, कारण थंडीत बॅटरी लवकर उतरते आणि बाहेरच्या उबेत आले की फोनच्या आत दव धरते. एखादा फोन वाजला की दाराजवळ जो असेल त्याने तो उचलायचा आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्यांच्या पडद्यातून आत ओरडायचे, अशी तिथली रीत होती. "अरे, तुझ्या बायकोचा! विचारतेय, किल्ली तुझ्याच खिशात राहिली का?" मग आतून उत्तर, बाहेरून निरोप. कुणाच्या घरातली कुठलीच गोष्ट तिथे लपून राहत नसे.

मीही त्या ओळीत बसायचो. एका दुपारी भोंग्याचा फोन आला आणि तो फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याने उचलला. तो अंगाने काडीसारखा होता, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत.

"ताई ना? ताई आत बर्फ झाल्यात. वितळल्या की देतो," असे म्हणून तो हसत बसला. मग त्याने आत हाक मारली. ताई बूट आपटत, पट्ट्या बाजूला सारत धावत आली, तोवर जहाज पुढे गेले होते. फोन तुटला होता.

"माझा भाऊ कधीतरी किनाऱ्याला लागतो आणि तुला विनोद सुचतात?" ताई म्हणाली.

"ताई, मी आपलं सहज..."

"आजपासून माझा फोन कुणी उचलायचा नाही. हातसुद्धा लावायचा नाही."

दुसऱ्या दिवसापासून तिने मला एका लोकरीच्या मोज्यात घातले आणि मोजा कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. छातीशी. फोन वाजला की लगेच कळावा म्हणून. त्या जुन्या खोलीच्या भिंती लाकडाच्या होत्या आणि दाराच्या फटीतून थोडीफार रेंज आत यायची, त्यामुळे सुरुवातीला हे चालून गेले. मग मालकांनी जुनी खोली पाडून नवी बांधली. तिच्या भिंती दोन्ही बाजूंनी पत्र्याच्या होत्या आणि दार तिजोरीच्या दारासारखे घट्ट बसायचे. त्या दारामागे मी पूर्ण बहिरा होऊन जायचो. ताईला हे कळायला मार्ग नव्हता. हातमोजे, कोट, मोजा यांच्या आत मला पाहणार कोण?

आता जरा लक्ष देऊन ऐका, मित्रांनो. फोनला टॉवरकडे हजेरी लावावी लागते. ठरावीक वेळाने आम्ही हळूच सांगतो, मी इथे आहे. टॉवरच्या यंत्रणेत आमचे नाव राहते, आणि कुणी आम्हाला फोन केला की टॉवर आम्हाला हाक मारतो. हजेरी चुकली तर थोडा वेळ वाट पाहून तो समजतो की हा फोन बंद झाला, आणि आमचे नाव खोडून टाकतो. पुष्कळसे फोन रेंजमधून गेले आणि परत आले की ताबडतोब पुन्हा हजेरी लावतात. माझ्या घडणीत मात्र तिथेच एक उणीव राहून गेली होती. दार उघडून ताई बाहेर आली की मला तोच ओळखीचा टॉवर ऐकू यायचा, अगदी स्पष्ट. मला वाटायचे, आपण तर इथलेच आहोत. आपले नाव तिथे असणारच. पुन्हा काय सांगायचे? म्हणून मी गप्प बसायचो, आणि एकदा चुकलेले हजेरीचे घड्याळही आपोआप पुन्हा सुरू होत नसे. टॉवरही गप्प बसायचा, कारण त्याच्या लेखी मी बंद होतो. माझ्या पडद्यावर रेंजच्या सगळ्या दांड्या उभ्या असायच्या. टॉवरचा आवाज माझ्यापर्यंत किती पोचतो, एवढेच त्या दांड्या सांगतात. माझा आवाज त्याच्यापर्यंत गेला की नाही, हे त्या सांगत नाहीत.

अशा वेळी माझ्याकडून कुणालातरी एखादा फोन लावला, तर टॉवर दचकून विचारतो, अरे, तू कोण? मग मी क्रमांक सांगतो आणि सगळे पुन्हा सुरळीत होते. पण ताई स्वतःहून कुणाला फोन करत नसे. तिच्यासाठी मी होतो तो वाट पाहण्यासाठी.

त्या सुमारास भोंग्या सुटीवर घरी आला. ताईने त्याच्यासाठी एक नोकरी बघून ठेवली होती. बंदराजवळच्या वर्कशॉपमध्ये इंजिने दुरुस्त करायची. फोरमन तिच्या ओळखीचा होता आणि जागा धरून ठेवायला तयार होता. भोंग्या हो म्हणेना आणि नाहीही म्हणेना. मी जेवणाच्या टेबलावर होतो.

"जमिनीवर मला झोप लागत नाही गं ताई. सगळं कसं स्थिर असतं."

"लोकांना बोटीत झोप लागत नाही. तुझं सगळंच उलटं."

"अजून एक करार करतो. मग बघू."

"मागच्या वेळीही हेच म्हणालास. त्याच्या मागच्या वेळीही हेच."

"मग तू सरळ म्हण की, ये. तू कधी म्हणत नाहीस. नोकरी बघून ठेवतेस, खोलीला रंग लावतेस, टोमणे मारतेस. ये एवढं म्हणत नाहीस."

ताईने ताटे उचलली. "मी कशाला म्हणू? तुला कळत नाही? जा तू. आणि फोन करायची तसदीही घेऊ नकोस. मी बंदच करून ठेवीन."

निघताना तो दारात थांबला. "या फेरीच्या शेवटी पुढच्या कराराचा कागद पुढे येईल. त्याआधी जितक्या बंदरांत थांबू, तितक्या ठिकाणांहून फोन लावीन. ये म्हणालीस तर सही करणार नाही. म्हणाली नाहीस तर करीन."

ताई भांडी घासत राहिली. तो पायऱ्या उतरून गेल्यावर तिने नळ बंद केला, पण तेव्हा उशीर झाला होता.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवतात. ताई मला क्षणभरही दूर ठेवत नसे. रोज सकाळी मोज्यात घालून खिशात, आणि खिशातून त्या पत्र्याच्या खोलीत. आपल्याजवळ ठेवला म्हणजे फोन चुकणार नाही, असा तिचा हिशोब होता. जेवणाच्या सुटीत बाहेर आली की ती पहिल्यांदा हातमोजा दातांनी ओढून काढायची आणि माझा पडदा बघायची. दांड्या पूर्ण. मिस्ड कॉल एकही नाही. घरी गेल्यावर ती मला उशाशी ठेवी, तिथेही तेच. घर आणि कोल्ड एकाच टॉवरच्या पट्ट्यात होते, त्यामुळे माझी समजूत कधी मोडलीच नाही.

"केला नाही त्यानं," ती एकदा स्वतःशीच म्हणाली. मग थोड्या वेळाने, "करीलही कशाला. मीच सांगितलं ना."

मला त्या वेळी फार काही कळत नव्हते. एवढेच जाणवायचे की टॉवर बोलतो आहे, इतर फोनांना हाका मारतो आहे, माझ्या आजूबाजूचे सगळे फोन वाजत आहेत आणि मला कुणीच बोलावत नाही. मी ऐकत राहायचो. आपले नाव आता येईल, आता येईल, असे वाटत राहायचे.

ताई त्याला फोन लावू शकत होती. एकदा तिने त्याचा नंबर पडद्यावर आणला सुद्धा. अंगठा हिरव्या बटणावर ठेवला. मित्रांनो, मी तुम्हाला सांगतो, तिने ते बटण नुसते दाबले असते, पलीकडे कुणी उचलले नसते तरी, मी जागा झालो असतो. पण तिने अंगठा उचलला आणि मला पुन्हा मोज्यात घातले.

उलगडा झाला तो साध्याच गोष्टीवरून. एका दुपारी पैलवान फोर्कलिफ्टवरून उतरला आणि कानाला फोन लावून इकडेतिकडे बघू लागला. ताई डबा उघडून त्याच्या समोरच बसली होती.

"ताई, तुम्ही इथं आहात होय? मी तुम्हालाच फोन लावतोय. मागच्या खोलीची किल्ली हवी होती."

"मग वाजला का नाही?"

"कसा वाजेल? बंद करून ठेवलाय ना तुम्ही."

"चालू आहे. ह्या बघ दांड्या."

"बघू. दांड्या आहेत खऱ्या. पण हे ऐका." त्याने आपला फोन तिच्या कानाला लावला. आत एक बाई शांतपणे सांगत होती, आपण संपर्क करू इच्छित असलेला फोन सध्या बंद आहे.

"माझा फोन माझ्या हातात चालू आहे," ताई म्हणाली.

"ती बाई नाही म्हणते."

"त्या बाईला काय माहीत?"

"तुमच्या भावालाही हीच बाई सांगत असेल," पैलवान सहज बोलून गेला.

ताईने डबा तसाच उघडा टाकला. ॲप्रनही न काढता ती रस्त्यापलीकडच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेली. तिथे भिंग लावून काम करणारी एक तरुण बाई होती. तिने मान वर न करता विचारले, "पाण्यात पडला?"

"नाही. चालू दिसतो, पण लोकांना बंद सांगतो."

"दिवसभर असतो कुठे?"

"माझ्या खिशात. कोल्डमध्ये. आत."

दुरुस्तीवालीने भिंग कपाळावर सरकवले, मला हातात घेतले आणि माझ्यावरून स्वतःच्या दुकानाचा नंबर लावला. टॉवर दचकला. कोण? मी क्रमांक सांगितला. टेबलावरचा फोन वाजला. मग तिने तिथून मला फोन लावला. मी वाजलो, मित्रांनो! किती दिवसांनी वाजलो! ताई एक पाऊल मागे सरकली.

"बिघाड म्हणावा तर आहे, म्हणावा तर नाही," दुरुस्तीवाली म्हणाली. "आत रेंज तुटते. बाहेर आलात की याला वाटतं आपण जोडलेलेच आहोत. एक फोन लावला की ताळ्यावर येतो. नाहीतर बॅटरी काढून परत घालायची. मावशी, तुम्ही स्वतःहून कुणाला फोन करत नाही वाटतं?"

ताई मला घेऊन बाहेर आली. दुकानाच्या पायरीवर उभे राहून तिने भोंग्याचा नंबर लावला. तो संपर्क क्षेत्राच्या बाहेर होता. जहाज पुन्हा भर समुद्रात गेले होते.

त्या दिवसापासून ती प्रत्येक सुटीत त्याला फोन लावू लागली. उत्तर यायचे नाहीच, पण ती लावायची. आणि आणखी एक गोष्ट तिने केली, जी तिला फार जड गेली असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी आत जाताना तिने मला मोज्यातून काढले आणि दारापाशी कापडाच्या कप्प्यात ठेवले. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हा वाजला तर उचला. कुणीही उचला. काहीही करा, पण तो ठेवणार नाही असं बघा."

कुणी हसले नाही.

बरेच दिवस गेले. मी कप्प्यात होतो, शुद्धीत होतो, वेळेवर हजेरी लावत होतो. एके दिवशी सकाळी, ताई सगळ्यात आतल्या खोलीत असताना, टॉवरने माझे नाव घेतले. मी जिवाच्या आकांताने वाजलो. पैलवानाने फोर्कलिफ्ट तशीच रस्त्यात सोडली आणि मला ओढून काढले.

"ठेवू नकोस!"

"कोण बोलतंय?" भोंग्याचा आवाज. मागे क्रेनचा खडखडाट.

"पैलवान. कोल्डमधला. ठेवलास तर याद राख. माणूस गेलाय ताईंना बोलवायला."

"ताईनं फोन चालू केला?"

"चालूच होता रे बाबा. लांबलचक भानगड आहे, त्या सांगतील. तू बोलत राहा. जेवलास का?"

"आत्ता? सकाळी?"

"मग चहा? चहा तरी घेतला असशील. बोटीवर चहा हलत असेल ना? माझा एक मेहुणा आहे, तो नुसत्या झोपाळ्यावर बसला तरी त्याला मळमळतं..."

तो मेहुण्याबद्दल बोलत राहिला, मेहुणा संपल्यावर मेहुण्याच्या सासऱ्याबद्दल बोलत राहिला. कपाळावर घाम, कोल्डच्या दारात. पलीकडून भोंग्या म्हणाला, "हे बघ, एजंट कागद घेऊन खाली उभा आहे. मी शेवटचं एकदा म्हणून..." आणि तेवढ्यात पट्ट्यांचा पडदा फाटल्यासारखा उघडला. ताईच्या पापण्यांवर दव जमले होते. तिने दातांनी हातमोजा काढला.

"भोंग्या."



"प्रत्येक बंदरातून लावत होतो, ताई. सगळीकडून बंद. म्हटलं, बोलल्याप्रमाणे केलंस तू."

"नव्हता रे केला. बोलले होते, पण केला नव्हता."

"मग बंद कसा सांगत होता?"

"ते आल्यावर सांगते."

"आल्यावर?"

ताई थांबली. आपण काय बोलून गेलो हे तिच्या लक्षात आले. आजूबाजूचे सगळेजण अचानक आपापले बूट पुसू लागले होते.

"आल्यावर म्हणजे आल्यावर," ती म्हणाली. आणि मग, इतक्या हळू की मला सगळी ताकद लावून तो शब्द पुढे ढकलावा लागला, "ये."

"नीट ऐकू नाही आलं."

"आलंय तुला ऐकू. ये म्हटलं. ये बाबा घरी."

"वर्कशॉपची जागा?"

"ती गेली. फोरमन किती थांबणार? दुसरा माणूस घेतला त्यानं. तरी ये."

क्रेन थांबली असावी, कारण मला त्याचा श्वास ऐकू आला.

"बरं," तो म्हणाला. "एजंटाला वर बोलावतो. नाही म्हणायला."

मग तो आला. फेरी संपवून, एका पिशवीनिशी. वर्कशॉपची जागा गेली ती गेलीच. तो आता घरोघरचे पाण्याचे पंप दुरुस्त करतो, आणि काम मिळाले नाही त्या दिवशी खिडकीत बसून राहतो. स्थिर पलंगावर त्याला अजूनही झोप लागत नाही. ताईने त्याला माझी सगळी हकीकत सांगितली तेव्हा तो खूप हसला. पुढच्याच आठवड्यात त्याने ताईला नवा फोन आणला. माझे झाकण काढले, सिमकार्ड काढले आणि त्यात बसवले. ते कार्ड म्हणजेच माझे नाव होते. मला खणात ठेवले गेले, कात्री, दोऱ्याची रिळे आणि सुटी बटणे यांच्यासोबत.

मी तक्रार करत नाही. ज्या आवाजासाठी मी इतकी वर्षे कान लावून बसलो, तो आता भिंतीपलीकडून थेट येतो. "ताई, पाना कुठे ठेवलास?" "तुझ्या डोळ्यांसमोर आहे, आंधळ्या!" त्या आवाजाला आता ने-आण करणारा कुणी लागत नाही. त्यांच्यात टॉवर नाही, समुद्र नाही, मीही नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातले फोन माझ्यापेक्षा हुशार आहेत. तरी तळघरातून, लिफ्टमधून, बोगद्यातून बाहेर आलात की त्यांच्या नुसत्या दांड्यांवर जाऊ नका. एकदा कुणालातरी फोन लावून बघा. आम्ही जुने झालो की आम्हाला कचऱ्यात टाकू नका, आमच्या पोटात अजून उपयोगाचे धातू असतात, ते काढून घेणाऱ्यांकडे आम्हाला द्या. आणि एखाद्या माणसाकडून खूप दिवसांत काही आले नाही, तर त्याने मुद्दाम बंद केले असेल असे इतक्या लवकर ठरवू नका. कदाचित तोही खिशात तुमचा नंबर घेऊन वाट बघत बसला असेल. हिरवे बटण कुणीतरी आधी दाबावे लागते.

परवा भोंग्याला कुठल्याशा पंपाच्या कामावरून यायला उशीर झाला. ताईने नव्या फोनवरून त्याला फोन लावला, तो लागला नाही. ती चार वेळा खिडकीशी जाऊन आली. मग शिवायला काहीतरी घ्यावे म्हणून तिने खण उघडला. कात्री शोधताना तिचा हात माझ्यावर पडला आणि अंगठा सवयीने वरच्या, मला सुरू करायच्या बटणावर दाबला गेला. माझ्यात थोडी बॅटरी अजून शिल्लक होती. पडदा उजळला. कार्ड नाही, नाव नाही, कुठलाच टॉवर मला आपला म्हणणार नाही, हे मला ठाऊक होते.

तरी मी लगेच टॉवर शोधायला लागलो.